कृपया दार उघडावे

तपासणीचे साहेब अकराला यायचे होते आणि पावणेअकराला मुख्याध्यापक शाळेच्या दर्शनी भिंतीवरून सौजन्याचा तक्ता उतरवत होते. तक्ता चांगला चार फुटी होता. तिसरीच्या मुलांनी रंगीत कागदाची अक्षरं कापून त्यावर दहा नियम चिकटवले होते आणि त्यातलं एकही अक्षर सरळ उभं राहायला तयार नव्हतं. "साहेबांच्या पहिल्या नजरेला हे ध्यान नको," असं पुटपुटत मुख्याध्यापकांनी तक्ता काखेत मारला आणि ते व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या साहित्याच्या खोलीकडे निघाले.

मुख्याध्यापक हा काही वाईट माणूस नव्हता. तो घाईत होता, एवढंच. गेली एकोणतीस वर्षं तो घाईत होता. वर्गात शिरताना दार वाजवायला त्याला कधी वेळ झाला नाही, कुणाला 'बसा' म्हणायला झाला नाही, आणि कागदावर तर तो 'ताबडतोब' या एका शब्दावर सगळं भागवत असे. अशा माणसाच्या शाळेत तिसरीच्या बाईंनी रोज सकाळी वीस मिनिटं 'कृपया', 'धन्यवाद' आणि 'आधी तुम्ही' शिकवायला घ्यावं, म्हणजे त्यांच्या धाडसाला दादच द्यायला हवी.

"वीस मिनिटं!" मुख्याध्यापक आदल्या दिवशी बाईंना म्हणाले होते. "वीस मिनिटांत दोन पाढे होतात. सौजन्य काय, मोठेपणी येतं आपोआप."

"मोठेपणी आलेलं मी फारसं बघितलं नाही, सर," बाई हळूच म्हणाल्या, आणि म्हणाल्यावर त्यांनी जीभ चावली.

जीभ चावण्यासारखीच गोष्ट होती. बाईंची नेमणूक एका वर्षाची होती आणि वर्ष या महिन्यात संपत होतं. मुदत वाढवायची की नाही, ते मुख्याध्यापकांच्या अहवालावर आणि साहेबांच्या सहीवर अवलंबून होतं. याआधी बाईंच्या दोन शाळा झाल्या होत्या. दोन्ही वेळा मुलांची नावं, मुलांच्या आयांची नावं आणि कुणाच्या डब्यात रोज तेच असतं ते सगळं पाठ झालं, आणि मुदत संपली. या वेळी त्यांना हा वर्ग सोडायचा नव्हता. त्या विचारानं त्यांना रात्री धड झोपही लागली नव्हती.

आणि अहवाल लिहून झाला होता. मुख्याध्यापकांच्या खिशात तो घडी घालून ठेवलेला होता: 'सदर उपक्रमाचा विद्यार्थ्यांवर अथवा शाळेच्या वातावरणावर कोणताही परिणाम दिसून आलेला नाही. सबब उपक्रम बंद करावा व संबंधित शिक्षिकेची मुदत वाढवू नये.' वर मोठ्या, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'प्रति, मा. तपासणी अधिकारी'.

साहित्याच्या खोलीचं दार जरा विचित्र होतं. बाहेरून वरच्या बाजूला एक सैल खटका होता. दार आपटलं की तो आपोआप बसायचा आणि आतून डोकं आपटलं तरी निघायचा नाही. म्हणून शिपाईमामा त्या दाराला कायम एक वीट लावून ठेवत. ती वीट मुख्याध्यापकांनी कालच हलवायला लावली होती. "साहेबांना वीट दिसली तर काय म्हणतील? बांधकाम चाललंय का?"

मुख्याध्यापक तक्ता घेऊन आत गेले, त्यांनी तो फाटक्या चटयांना टेकवून उभा केला, आणि मागे वाऱ्यानं दार धाडकन आपटलं. खटका बसल्याचा आवाज त्यांना अगदी स्पष्ट ऐकू आला.

आधी ते चिडले, मग त्यांनी दार ओढलं, मग ढकललं. मग हाका मारायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की हाक ऐकणार कोण? सगळ्या शिक्षकांना त्यांनीच बजावलं होतं: तपासणी संपेपर्यंत वर्गांची दारं बंद, व्हरांड्यात चिटपाखरू दिसता कामा नये. शिपाईमामांना सांगितलं होतं: फाटकावरून हलायचं नाही, आभाळ कोसळलं तरी. मोबाईल? सगळ्यांचे मोबाईल, स्वतःचासुद्धा, त्यांनी सकाळीच कचेरीच्या खणात कुलूपबंद केले होते. किल्ली खिशात होती. ती त्यांनी चाचपून पाहिली आणि एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की आपण जरा जास्तच शिस्तीचे आहोत.

दहा मिनिटं ते दार बडवत राहिले. तेवढ्यात बाहेर नळ सुरू झाल्याचा आवाज आला. कुणीतरी पाणी पीत होतं. मुख्याध्यापकांनी दोन्ही मुठींनी दार ठोकलं.

नळ बंद झाला. शांत, सावकाश आवाज आला, "या, आत या."

"अरे, मी आतच आहे!"

"मग बाहेर या."

"बाहेर येता येत नाही म्हणून तर ठोकतोय! कोण आहे ते?"

"मी तिसरीतली, सर. मला आजी म्हणतात."

आजी आठ वर्षांची होती. पुढचे दोन दात एकदम पडल्यापासून वर्गानं तिला हे नाव ठेवलं होतं आणि तिच्या स्वभावाला ते इतकं शोभलं, की दात अर्धे उगवून आले तरी नाव काही गेलं नाही. नियम म्हटला की आजी त्याच्या पुढे नाही आणि मागेही नाही. बाईंनी शिकवलेले दहाच्या दहा नियम तिला तोंडपाठ होते आणि घरी तिनं आपल्या बाबांकडून पाच पाठ करून घेतले होते.

"आणि तुम्ही कोण?" आजीनं विचारलं. "आपण कोण ते आधी सांगायचं असतं."

"मी मुख्याध्यापक!"

बाहेर जरा विचार झाला. "मुख्याध्यापक सर दार वाजवत नाहीत," आजी म्हणाली. "ते तसेच आत येतात."

"अगं, मीच आहे!"

"बाईंनी सांगितलंय, त्यांचं मनावर घेऊ नका, ते कामात असतात. तुम्ही दुसरे कुणीतरी आहात."

मुख्याध्यापकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ते ओरडले, "ए! दार उघड आधी! ताबडतोब!"

"अय्या, सरच आहेत," आजी म्हणाली आणि तिनं लगेच नमस्कार केला. तो अर्थातच आतून दिसला नाही. "सर, माझा हात खटक्याला पुरत नाहीये. आत स्टूल आहे का?"

"आहे ना! इथंच आहे!"

"मग ते जरा बाहेर द्या."

मुख्याध्यापकांनी कपाळ दाराला टेकलं आणि दहापर्यंत आकडे मोजले. मग आवाज शक्य तितका खाली आणून ते म्हणाले, "बाळ, तू वर्गात जा आणि बाईंना सांग, की सर साहित्याच्या खोलीत अडकलेत."

"हो सर," आजी म्हणाली आणि धावायचं नसतं म्हणून चालत गेली.

इकडे तिसरीच्या वर्गात साहेब येऊन बसले होते. कचेरी रिकामी, व्हरांडा ओसाड, आणि फाटकावरचे मामा हलायला तयार नाहीत, म्हणून साहेबांना जो आवाज पहिला ऐकू आला त्या वर्गात ते शिरले. शिरताच सव्वीस मुलं उभी राहिली आणि सव्वीसजणांनी त्यांना आपापली खुर्ची देऊ केली. लहान खुर्च्या त्या. कुणाचं मन कशाला मोडायचं म्हणून साहेब पहिल्या रांगेतल्या एकीवर बसले आणि त्यांचे गुडघे हनुवटीला टेकले.

"मुख्याध्यापक कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"येतीलच, साहेब," बाई म्हणाल्या. सरांनी आपल्याला मुद्दाम एकटीला साहेबांच्या तोंडी दिलंय, अशीच त्यांची खात्री झाली होती.

"असू दे. मुलांनो, सांगा बघू, सात नव्वे किती?"

सगळे हात वर गेले. साहेबांनी खिडकीजवळच्या मुलाकडे बोट केलं. तो उभा राहिला, शेजारच्या मुलीकडे वळला आणि म्हणाला, "आधी तू."

"नको, आधी तू," ती म्हणाली.

"तिला विचारा, साहेब, तिला छान येतं."

"नाही साहेब, मागचा कधीचा हात वर करून बसलाय, आधी त्याला."

मागच्यानं त्याच्या मागच्याला पुढे केलं. 'आधी तू' रांगारांगांतून फिरत सगळ्या वर्गाला वळसा घालून पुन्हा खिडकीशी आलं आणि सात नव्वे तिथंच राहिले. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. हेच वाक्य त्यांनी तीन महिने घोटून घेतलं होतं. ते कुठे थांबवायचं, तेवढं शिकवायचं राहून गेलं होतं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

आजी दारात येऊन एक बोट वर करून उभी राहिली. मोठी माणसं बोलत असली की मध्ये बोलायचं नाही, बोट वर करून थांबायचं. साहेब आता आपल्या गुडघ्यांबद्दल बोलत होते आणि गुडघ्यांना बराच इतिहास होता. आजीनं पाच मिनिटं वाट पाहिली. हात दुखायला लागला तेव्हा तिनं दुसरं बोट वर केलं. शेवटी बाईंचं लक्ष गेलं.

"थांब हं जरा," बाई घाईनं म्हणाल्या, आणि साहेबांचा डावा गुडघा सुरू झाला.

आजीनं विचार केला. तिकडे सर एकटे आहेत. निरोप पोचला नाही, हे त्यांना कळवायला हवं. ती परत व्हरांड्याच्या टोकाला गेली आणि तिनं दार वाजवलं.

"काय झालं?" आतून आवाज आला.

"बाई साहेबांशी बोलतायत, सर. मध्ये बोलता येत नाही."

"साहेब आलेसुद्धा?" मुख्याध्यापकांचा आवाज चिरकला. "अगं मग बोल मध्ये! मी परवानगी देतो!"

"पण काल प्रार्थनेच्या वेळी तुम्हीच म्हणालात, विचारल्याशिवाय साहेबांसमोर तोंड उघडलं तर बघा म्हणून."

मुख्याध्यापक खरंच तसं म्हणाले होते, आणि बोट नाचवून म्हणाले होते. त्यांना कुठे तोंड लपवावं ते कळेना. तसं तोंड लपवायला ती खोली सोयीचीच होती.

"सर," आजीनं सुचवलं, "लिहून द्या ना. चिठ्ठी दिली की बोलावं लागत नाही."

पोरगी हुशार होती, हे मुख्याध्यापकांना मान्य करावं लागलं. त्यांनी खिसे उलटेपालटे केले. लाल पेन होतं. कागद मात्र एकच होता, तो अहवाल. त्याची मागची बाजू कोरी होती. वेळ अशी होती की माणूस फार विचार करत नाही. त्यांनी मागे लिहिलं, 'मी साहित्याच्या खोलीत आहे. ताबडतोब दार उघडावे.' आणि तो कागद दाराखालच्या फटीतून सरकवणार, इतक्यात आजी म्हणाली, "सर, 'कृपया' लिहिलंय ना?"

"त्याची काय गरज?"

"'कृपया' नसलं तर बाई चिठ्ठी घेत नाहीत. परत पाठवतात. परवा माझ्या बाबांची पाठवली."

मुख्याध्यापकांनी दात खाल्ले आणि 'ताबडतोब' खोडून 'कृपया' लिहिलं. बऱ्याच वर्षांत न लिहिलेला शब्द तो. पहिल्या खेपेला त्यांना तो चोरट्यासारखा बारीक आला, म्हणून त्यांनी तो पुन्हा गिरवला.

"आणि 'धन्यवाद'?"

"काम अजून झालं कुठंय?"

"होणारच आहे ना, सर."

त्यांनी 'धन्यवाद' लिहिलं. शेजारी चटयांना टेकलेला तक्ता होताच. झरोक्यातून त्यावर ऊन पडलं होतं. आता सुरुवातच केली आहे तर काही राहायला नको, म्हणून त्यांनी तो वरपासून बघायला घेतला आणि आठव्या नियमाप्रमाणे 'तसदीबद्दल क्षमस्व' हेही जोडलं. खाली सही करताना हात आपोआप 'आपला नम्र' असं लिहून गेला. कागद फटीतून बाहेर गेला.

"बाईंच्या हातात दे हं," ते म्हणाले. आणि मग, त्यांचं त्यांनाही कळायच्या आत, "कृपया."

"हो सर. धन्यवाद सर."

आजीची पावलं दूर गेली. मुख्याध्यापक स्टुलावर बसले, त्यांनी घाम पुसला, आणि करमणूक म्हणून उरलेला तक्ता वाचला. नववा नियम असा होता: 'दुसऱ्याची चिठ्ठी वाचू नये. वर ज्याचे नाव असेल त्याच्याच हातात, दोन्ही हातांनी द्यावी.'

ते ताडकन उठले. त्यांनी दार बडवलं, हाका मारल्या, 'बाळ' म्हणाले, 'आजी' म्हणाले, दोनदा 'कृपया'सुद्धा म्हणाले. बाहेर नळाचं पाणी थेंबथेंब गळत होतं, तेवढंच.

आजी व्हरांड्याच्या मध्यावर थांबली होती. कागदावर वर नाव साहेबांचं होतं. सर म्हणाले बाईंना दे. सरांचं घाईत चुकलं असणार, ते नेहमी घाईत असतात. नावाखालचं काही दिसू नये म्हणून तिनं डोळे बारीक करून कागदाची घडी घातली, वर्गात जाऊन ती साहेबांसमोर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी तिनं चिठ्ठी पुढे केली. बोलली मात्र एक अक्षर नाही.

साहेबांनी घडी उघडली आणि वाचायला सुरुवात केली. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "कोणताही परिणाम दिसून आलेला नाही," ते पुटपुटले. "उपक्रम बंद करावा... मुदत वाढवू नये." त्यांनी चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं.

बाईंना समजायचं ते समजलं. त्यांनी टेबलावरचा खडू उचलला, पुन्हा ठेवला आणि उगाच मुलांच्या तोंडांकडे एकेक करून बघून घेतलं. रडायचं तर नंतर रडू, असं त्यांनी ठरवलं, पण ठरवतानाच त्यांचे डोळे भरून आले.

"मागे पण आहे, साहेब," पहिल्या रांगेतला मुलगा म्हणाला. "माफ करा. मी वाचलं नाही. लाल दिसलं."

साहेबांनी कागद उलटला. या वेळी त्यांनी मोठ्यानं वाचलं. "'मी साहित्याच्या खोलीत आहे. कृपया दार उघडावे. धन्यवाद. तसदीबद्दल क्षमस्व. आपला नम्र, मुख्याध्यापक.'" ते थांबले. त्यांनी पुढची बाजू वाचली, पुन्हा मागची वाचली. "बाई, हे तुमचे मुख्याध्यापक एरवीही असंच लिहितात का?"

"एरवी ते 'ताबडतोब' लिहितात, साहेब."

"इथंही लिहिलं होतं. खोडलंय." साहेब कसेबसे त्या खुर्चीतून सुटले. "चला, बघू या तरी."

सगळा वर्गच निघाला. दारात 'आधी तू' पुन्हा सुरू होण्याची चिन्हं दिसली, तशा बाई म्हणाल्या, "आता रांगेनं, जो पुढे तो आधी," आणि मुलांना हे इतकं सोपं वाटलं, की ती भराभर बाहेर पडली. साहित्याच्या खोलीशी आल्यावर साहेबांनी खटक्याला हात घातला.

"साहेब," आजी हळूच म्हणाली, "आधी ठोकायचं असतं."

साहेबांनी हात मागे घेतला आणि बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं. आत कुणीतरी घसा खाकरला, शर्ट झटकला, आणि मग अगदी नरम आवाज आला.

"या. आत या."

दार उघडलं. मुख्याध्यापक तक्त्याशेजारी उभे होते, केसांत चटईच्या काड्या होत्या आणि डाव्या कोपराला जाळं लागलं होतं. साहेबांनी कागद त्यांच्या पुढे धरला.

"दोन्ही बाजू वाचल्या मी," ते म्हणाले. "फाईलला एकच लावता येते. कुठली लावू?"

मुख्याध्यापकांनी कागद घेतला. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई जमिनीकडे पाहत होत्या. आजीकडे पाहिलं, ती उत्सुकतेनं पाहत होती, कारण चिठ्ठी बरोबर पोचवल्याबद्दलचं 'धन्यवाद' अजून यायचं होतं. मुख्याध्यापकांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि पुढच्या बाजूवर वरपासून खालपर्यंत तिरकी रेघ ओढली. मग कागद उलटून, 'आपला नम्र'च्या खाली उरलेल्या जागेत, त्यांनी बाईंची मुदत वाढवण्याविषयी दोन ओळी लिहिल्या. दोन्ही ओळींत 'कृपया' होतं.

"मागची लावा," ते साहेबांना म्हणाले. आणि आजीला म्हणाले, "धन्यवाद."

त्यानंतरच्या सोमवारी बाईंचं मुदतवाढीचं पत्र आलं. मुख्याध्यापक ते स्वतः द्यायला निघाले. तक्ता पुन्हा दर्शनी भिंतीवर लागला होता, थोडा वाकडा, आणि साहित्याच्या खोलीला वीट परत मिळाली होती. तिसरीचं दार बंद होतं. मुख्याध्यापकांचा हात सवयीनं कडीकडे गेला, थबकला, आणि त्यांनी दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून बाईंचा आवाज आला.

"मुख्याध्यापक."

आत कुजबूज झाली. मग आजीचा सावकाश, समजावणीचा आवाज व्हरांड्यात स्पष्ट ऐकू आला.

"उघडू नका, बाई. दुसराच कुणीतरी आहे. सर कधी वाजवत नाहीत."

मुख्याध्यापकांनी पत्र दोन्ही हातांत नीट धरलं आणि ते बाहेर उभे राहिले. घाई तर होतीच. पण आत या म्हटल्याशिवाय जायचं नसतं.